एसईओ लेखनाचे पैसे ठरवताना या चुका टाळा

"ताई, एसईओ आर्टिकलला शब्दामागे किती घेऊ?" नव्याने लिहायला लागलेली मुलं मला हे सतत विचारतात. (एसईओ म्हणजे गूगलच्या शोधात पान वर यावं म्हणून केलेली कामं.) मी उलट विचारते, "त्या एसईओत तुला काय काय करून द्यायचंय?" बहुतेकांना ते माहीत नसतं. दर बिघडतो तो इथेच.

माझाही बिघडला होता. सुरुवातीच्या काळात एका एजन्सीने 'एसईओ फ्रेंडली' १००० शब्द मागितले, शब्दामागे ५० पैसे. मी लगेच होकार दिला. मग ब्रीफ, म्हणजे कामाच्या सूचना, आल्या: कीवर्ड (लोक शोधताना टाइप करतात ते शब्द) शोधा, मेटा टायटल आणि डिस्क्रिप्शन (शोधात दिसणारं शीर्षक आणि त्याखालचा मजकूर) लिहा, त्याच साइटच्या इतर पानांच्या पाच इंटर्नल लिंक द्या, फोटोंना ऑल्ट टेक्स्ट (फोटोचं शब्दांतलं वर्णन) द्या, वर्डप्रेसवर चढवून द्या. वर 'कैरीचे लोणचे' या कीवर्डची डेन्सिटी ३ टक्के, म्हणजे तीस वेळा, तेही जसंच्या तसं. मी लिहिलं होतं, "लोणच्यात मीठ कमी पडलं तर बुरशी धरते." ते परत आलं असं: "कैरीचे लोणचे मध्ये मीठ कमी पडले तर कैरीचे लोणचे ला बुरशी येते." असं मराठी माझ्या हातून जाताना मला फार वाईट वाटलं. तीन वेळा दुरुस्त्या झाल्या, एकूण नऊ तास गेले आणि हातात आले ५०० रुपये. तासाला ५५.

तेव्हा मला 'कीवर्ड डेन्सिटी' या शब्दाचा अर्थ नीट ठाऊक असता तर मी तिथेच अडले असते. गूगलने अशी कुठलीही टक्केवारी ठरवून दिलेली नाही. उलट कीवर्ड कोंबणं त्यांच्या स्पॅमच्या नियमांत मोडतं. मराठीत तर नामाला प्रत्यय लागला की त्याचं रूपच बदलतं. लोणचं, लोणच्याला, लोणच्यात; पुणे, पुण्यात, पुण्याहून. नेमका शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात सहज बसला तर बसवायचा, बाकी वाक्य मराठीच राहू द्यायचं. ग्राहक अडून बसला, तर मी ते काम सोडते.

आता काम घेण्याआधी मी वहीत प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहिते: कीवर्ड संशोधन, लेख, मेटा, लिंक, अपलोड. प्रत्येकीपुढे तास, आणि तासांवरून रक्कम. कोटेशनही तसंच ओळीओळीने पाठवते. ग्राहकाने पैसे कमी करायला सांगितलं, तर एक ओळ कमी करते. आहे त्याच कामाचा दर पाडत नाही.

शब्दामागे दर घ्यायचाच असेल, तर हिंदीचा दर मराठीला लावू नका. हिंदीतले 'घर के सामने वाली दुकान से' हे सहा शब्द मराठीत 'घरासमोरच्या दुकानातून' असे दोनच होतात. मजकूर तेवढाच, पैसे मात्र एक तृतीयांश. हा हिशोब मी कितीतरी जणांना कागदावर मांडून दाखवलाय. मी लेखामागे ठोक रक्कम घेते ती यासाठीच.

मेटा कीवर्डसाठी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेल्या कीवर्डच्या यादीच्या टॅगसाठी, वेळ घालवू नका. आपण तो टॅग रँकिंगसाठी पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. मेटा डिस्क्रिप्शननेही क्रमांक वाढत नाही, पण ते वाचून माणूस क्लिक करतो, म्हणून मनापासून लिहा.

पहिल्या क्रमांकाची हमी देऊन जास्त पैसे मागू नका. ती हमी कुणाच्याच हातात नसते.

एका रात्रीत यूट्यूबवर पन्नास संज्ञा पाठ करण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. सर्च इंटेंट, म्हणजे शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय ते, समजायचं असेल, तर एक विषय घ्या, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत शोधा आणि पहिले दहा निकाल खरोखर उघडून वाचा. लोक पाककृती शोधताहेत की विकत घ्यायला बरणी, हे तिथेच दिसतं. रोमन लिपीत टाइप करूनही पाहा, कारण आपल्यातले कितीतरी लोक मराठी गोष्टी तशाच शोधतात. या कामाला मला दीड-दोन तास लागतात, आणि कोटेशनमध्ये ही ओळ सगळ्यात वर असते.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या रकमेत धरलेल्या, तिसरीपासून पैसे वेगळे आणि निम्मी रक्कम आगाऊ, हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहून टाका. फोनवर ठरलेलं महिन्याभराने कुणाला आठवत नाही.