ऑगस्टच्या आत शिकून घ्या: बे एरियात नव्याने आलेल्यांसाठी वणव्याचं पंचांग

मे महिन्यात इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, टेकड्या सोनेरी होतात. नवीन मंडळी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतात, आणि आम्ही जुने लोक मास्कचा खोका गॅरेजमध्ये कुठे ठेवलाय ते आठवू लागतो. तो सोनेरी रंग म्हणजे वाळलेलं गवत.

आधी ऋतूंचा हिशेब डोक्यात उलटा करून घ्या. सह्याद्रीत वणवे फेब्रुवारी ते मे, मृगाचा पाऊस पडला की विषय संपला. इथे पाऊस हिवाळ्यात. उन्हाळाभर सगळं वाळत राहतं आणि सगळ्यात वाईट दिवस येतात ते ऑक्टोबरच्या आसपास, ऐन नवरात्र-दिवाळीत. एरवी वारा समुद्रावरून येतो, गार आणि ओलसर. शरदात काही दिवस तो फिरतो आणि ईशान्येकडून, डोंगर उतरून कोरडा ठणठणीत होऊन येतो. इथे त्याला डियाब्लो म्हणतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्या, ऑक्टोबर २०१७ मध्ये नापा-सोनोमा, नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज गाव, तिन्ही आगी अशाच जमिनीकडून आलेल्या वाऱ्याने पेटवत नेल्या. पॅराडाइजला सकाळी साडेसहाच्या सुमारास दूर कुठेतरी विजेच्या तारेखाली लागलेली आग आठ वाजेपर्यंत गावात शिरली होती. ८५ माणसं गेली.

म्हणून पहिला शब्द शिका: रेड फ्लॅग वॉर्निंग. नॅशनल वेदर सर्व्हिस ती देते. तिचा अर्थ आग लागली आहे असा नाही. आज ठिणगी पडली तर ती पळेल, एवढाच. त्या दिवशी वाळलेल्या गवतावर मशीन चालवायचं नाही, गाडी गवतात उभी करायची नाही.

हा अंदाज बांधतात कसा? वारा आणि आर्द्रता तर आहेच, पण मला आवडलेला भाग वेगळा आहे. माणसं टेकडीवर जाऊन चमीझ नावाच्या झुडपाच्या डहाळ्या कापतात, घट्ट झाकणाच्या डब्यात भरतात, वजन करतात, भट्टीत वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. उडालेलं पाणी कोरड्या लाकडाच्या किती टक्के, तो आकडा. वसंतात तो शंभराच्या वर असतो (लाकडापेक्षा पाणी जास्त!), शरदात साठाच्या आसपास आला की झुडूप हिरवं दिसत असूनही काडेपेटीसारखं पेटतं. सॅन होझे स्टेट युनिव्हर्सिटीतली वणव्यांवर काम करणारी मंडळी हे वर्षानुवर्षं करतायत. उपग्रहांच्या जमान्यातही अंदाजाचा पाया असा डब्यात मोजला जातो.

आग दिसायची सोय आता खूप सुधारली आहे. युसी सॅन दिएगोच्या 'अलर्ट कॅलिफोर्निया'चे हजारावर कॅमेरे डोंगरमाथ्यांवर गोल फिरत असतात. २०२३ पासून कॅल फायरने, म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याने, त्या चित्रांत धूर हुडकायला एआय लावला आहे. त्याने बोट दाखवलं की माणूस खात्री करतो. ही चित्रं कुणालाही बघता येतात. आपल्या घरामागच्या डोंगराचा कॅमेरा आजच शोधून ठेवा.

उपग्रहाच्या नकाशाबाबत मात्र माझं ऐका, कारण मी फसलोय. ऑगस्ट २०२०, विजांनी सॅन होझेच्या पूर्वेचे डोंगर पेटवलेले. रात्री एक वाजता नासाच्या फर्म्स नकाशावर लाल चौकोन बरोब्बर आमच्या रस्त्यावर. बायकोने दागिने आणि पासपोर्ट उचलले, मी देव्हारासुद्धा गाडीत ठेवला. सकाळी कळलं, आग डोंगराच्या पलीकडे होती. तो चौकोन म्हणजे आगीची जागा नव्हे, उपग्रहाच्या नजरेचा एक ठिपका. व्हीआयआयआरएस आणि मोडिस ही उपग्रहांवरची उपकरणं. पहिल्याचा ठिपका ३७५ मीटरचा, दुसऱ्याचा एक किलोमीटरचा, आणि ते उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातात. गोज उपग्रह दर पाच मिनिटांनी बघतो, पण त्याचा ठिपका दोन किलोमीटरचा. हेच मोडिस आणि व्हीआयआयआरएसचे ठिपके वापरून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आपल्या वनखात्यालाही सूचना पाठवते. कोकणातला वनरक्षक तो ठिपका बघून आधी जागेवर जाऊन येतो, मी थेट देव हलवले.

त्यापेक्षा 'वॉच ड्यूटी' हे ॲप घ्या. २०२१ मध्ये सोनोमात सुरू झालेली ही ना-नफा संस्था. अग्निशमनवाल्यांचा रेडिओ कान देऊन ऐकणारी माणसं त्यावर बातमी टाकतात, त्यामुळे ती कळते माणसाच्या भाषेत.

आणि तरीही फोनची वाट बघत बसू नका. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ईटनची आग संध्याकाळी सहानंतर लागली. तिथल्या पश्चिम अल्टाडिना या वस्तीला घर सोडायचा आदेश गेला पहाटे तीननंतर, तोवर तिथे घरं जळत होती. मृत्यू जवळजवळ सगळे त्याच भागातले. त्या रात्री वारा इतका होता की विमानं-हेलिकॉप्टरंही जमिनीवर. काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) अलर्टसाठी नाव आपणहून नोंदवावं लागतं, सांता क्लारात त्याला अलर्टएससीसी म्हणतात. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांच्या इंडियाच्या सिमवर विसंबू नका. घर सोडायच्या आदेशासाठी आखलेल्या आपल्या झोनचा क्रमांक फ्रिजवर लावा, कारण आदेश गल्लीच्या नावाने नाही, झोनने निघतो.

धुराचं थोडक्यात. पर्पलएअर या कंपनीचे, लोकांनी घरोघरी लावलेले सेन्सर लेझरने हवेतले कण मोजतात. धुराला ते आकडा चढवून सांगतात, म्हणून त्यांच्या नकाशावर ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) दुरुस्ती निवडा. सगळीकडे हिरवं (स्वच्छ हवा) आणि एकच ठिपका जांभळा (फार वाईट) असेल तर कुणाच्या तरी अंगणात बार्बेक्यू आहे. आमच्या घरातला सेन्सर फोडणी टाकली की हवेच्या प्रदूषणाचा दीडशेचा आकडा ओलांडतो. धुराच्या दिवसांत खिडक्या बंद, आणि साध्या चौकोनी पंख्याला मर्व्ह-१३ दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर चिकटवून खोलीत लावा, उत्तम चालतं.

घरं बहुतेक वेळा आगीच्या भिंतीने नव्हे, उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून भिंतीपासूनचे पहिले पाच फूट मोकळे हवेत. पन्हळीतला पालापाचोळा काढा. काथ्याचं पायपुसणं उचला. आणि दसऱ्याचं वाळलेलं तोरण! आपल्या प्रत्येक घराला ते दिवाळीपर्यंत, नेमकं रेड फ्लॅगच्या दिवसांत, लटकलेलं असतं.

वारा सुटला की वीज कंपनी स्वतःहून वीज बंद करते, कधी दोन-दोन दिवस. वीज गेली की गॅरेजचं दार उघडत नाही. २०१७ च्या आगीत काही लोक त्यामुळेच अडकले, आणि नंतर राज्याने दार उघडणाऱ्या नव्या मोटारींना बॅटरी सक्तीची केली. जुन्या घरात भाड्याने राहत असाल तर छताच्या मोटारीला लोंबणारी लाल दोरी असते. ती ओढून दार हाताने उचलून बघा, आज संध्याकाळीच. आमचं दार पहिल्या खेपेला दोघांनी मिळून उचलावं लागलं होतं.