वहीतल्या गाळलेल्या जागा: तासाला नोट्स घेताना लक्ष कसं टिकवायचं

वर्गात शिकवणारी व्यक्ती मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलते. हाताने लिहिण्याचा वेग मात्र वीस-पंचवीस शब्दांच्या आसपासच असतो. त्यामुळे नोट्स घेणं ही मुळातच तीन कामांची कसरत आहे. ऐकायचं, त्यातलं काय ठेवायचं ते ठरवायचं, आणि ते लिहून होईपर्यंत पुढचं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं. चौथ्या कामाला इथे जागाच उरत नाही. विचार लागणारी दोन कामं मेंदू एकाच वेळी करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर जातो, आणि परत आल्यावर धागा शोधण्यात आणखी काही सेकंद जातात.

नुकसान कसं होतं ते अर्थशास्त्राच्या एका तासात बघा. मागणीचा नियम, म्हणजे किंमत वाढली की मागणी घटते, शिकवून झाला आहे. मॅडम म्हणतात, "आता अपवाद बघू. गिफेन वस्तू. म्हणजे हलक्या प्रतीच्या, पण गरिबाच्या खर्चात मोठा वाटा असलेल्या. इथे किंमत वाढली तरी मागणी वाढते." नेमकी तेव्हाच एकाची नजर बाकाखालच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. त्याला ऐकू आलं ते फक्त शेवटचं वाक्य, आणि वहीत उतरलं, 'किंमत वाढली की मागणी वाढते'. पाच सेकंदांत 'अपवाद' हा शब्द गेला आणि नियमच उलटा झाला. कोरी जागा निदान दिसते तरी. चुकीचं वाक्य दिसत नाही, ते परीक्षेच्या आदल्या रात्री मन लावून पाठ केलं जातं.

म्हणून पहिली तयारी फोनची. सायलेंट पुरेसं नाही, आणि व्हायब्रेट तर नकोच, कारण फोन थरथरला की 'कोणाचा असेल' हा विचार सुरू होतोच. फोन बंद करून दप्तराच्या चेनवाल्या कप्प्यात, वह्यांच्या खाली ठेवा. घरून तातडीचा फोन येईल अशी काळजी असेल तर तासांचं वेळापत्रक घरी देऊन ठेवा आणि मधल्या सुट्टीत फोन बघा. पुस्तक पीडीएफमध्येच असेल तर आधी डाउनलोड करा, मग फ्लाइट मोड. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात, व्याख्यान चालू असताना फोन न वापरणाऱ्यांनी वापरणाऱ्यांपेक्षा ६२ टक्के अधिक माहिती टिपली होती.

मग बसायची जागा. समोरच्या बाकावर कोणी लॅपटॉपवर दुसरंच काही बघत असेल तर तुमचंही नुकसान होतं. २०१३ च्याच एका कॅनडातल्या प्रयोगात, लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांना नंतरच्या चाचणीत ११ टक्के गुण कमी मिळाले. कागद-पेन घेऊन बसलेल्या, पण असा स्क्रीन डोळ्यांसमोर असलेल्या मुलांचे गुण तर १७ टक्क्यांनी घटले. शक्य तर पुढच्या दोन रांगांत बसा. ते जमलं नाही तर निदान कोणाचा स्क्रीन दिसणार नाही अशी जागा निवडा.

लॅपटॉपवर टाइप करणं हेच वाईट, असं मात्र नाही. २०१४ मध्ये हाताने लिहिण्याच्या बाजूने गाजलेला प्रयोग २०२१ मध्ये पुन्हा केला, तेव्हा गुणांमध्ये ठाम फरक दिसला नाही. टाइप करणारे शब्दशः जास्त उतरवतात, एवढं दोन्ही वेळा दिसलं. लॅपटॉप वापरायचाच असेल तर वाय-फाय बंद आणि एकच फाइल उघडी.

फोनशिवायही एक जुनी सवय आहे, तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही: थिअरीच्या तासाला पुढच्या प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करणं. हात यंत्रासारखा चालतो, म्हणून 'कान मोकळे आहेत' असं वाटतं. पण आकडे आणि वाक्यं उतरवताना डोक्यात भाषाच चालू असते, आणि शिकवणाऱ्याचं बोलणंही भाषाच. दोन्ही एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे जर्नलमध्ये चुका होतात आणि तासही जातो. जर्नलसाठी आदल्या संध्याकाळची ४० मिनिटं वेगळी काढा.

पान असं आखा: डावीकडे सहा सेंटिमीटरचा समास, खाली पाच सेंटिमीटरची पट्टी, मुख्य नोट्स उरलेल्या जागेत. समास तासाला कोराच ठेवायचा. लिहिताना वाक्य पूर्ण ऐका, मग त्याचं सार चार-पाच शब्दांत टिपा. व्याख्या आणि सूत्रं तेवढी शब्दशः घ्या. 'पण', 'अपवाद', 'फक्त तेव्हाच', 'अट अशी' हे शब्द आले की ते आधी लिहा, बाकीचं मागून आलं तरी चालेल. रोजच्या शब्दांची तुमची खुणांची यादी करा: किमतीला 'कि', मागणीला 'मा', वाढीला वर जाणारा बाण. दहा-बारा खुणा पुरेत. जास्त झाल्या तर महिन्याने तुम्हालाच लागायच्या नाहीत.

पीपीटी नंतर मिळणार असेल तर ती उतरवत बसू नका, बोललेलं टिपा. फळ्याचा फोटो काढायचाच झाला तर तास संपल्यावर, डस्टर फिरायच्या आधी, एकच. मध्येच फोटोसाठी फोन हातात घेतला की नोटिफिकेशनही दिसतात.

काही सुटलंच तर दोन ओळी कोऱ्या सोडा, तिथे प्रश्नचिन्ह काढा आणि पुढचं ऐका. शेजाऱ्याला तिथेच विचारू नका, कारण मग दोघांचंही पुढचं वाक्य जातं. तास संपल्यावर पाच मिनिटांत त्या जागा सरांना किंवा मैत्रिणीला विचारून भरा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर नेमकं काय सुटलं होतं, हेच आठवत नाही.

त्याच दिवशी घरी, १५ मिनिटं. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक प्रश्न लिहा, मुख्य भाग कागदाने झाका, प्रश्न वाचून उत्तर तोंडी द्या. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून सांगितलेलं जास्त टिकतं. अडलं तिथे फुली करा. खालच्या पट्टीत तासाचं सार तीन ओळींत लिहा. दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं फक्त फुल्या बघा. तोवर फोन बंद होऊन दप्तरात गेलेला असू दे.