न्यूयॉर्क जायंट्सचा १९५१ चा हंगाम रोजकीर्द घालून कसा वाचावा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या वाचकांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळला आहे, त्यांना पिचर, कॅचर, बेस आणि होमरन हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. अडचण येते ती जुन्या अमेरिकन बेसबॉल हंगामाचे आकडे समोर आल्यावर. न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाचा १९५१ चा हंगाम बहुतेक जण निर्णायक सामन्यातल्या शेवटच्या होमरनपासून उलटा वाचत येतात, आणि मग सगळाच चमत्कार वाटू लागतो. आपल्याकडच्या पेढीवर हिशेब असा तपासत नाहीत. तेथे आधी रोजकीर्द पाहतात आणि मग खतावणी. हा हंगामही त्याच क्रमाने वाचावा, असे माझे मत आहे.

त्यासाठी व्यापारी वापरतात तशी लांबट, आखीव वही आणि शिसपेन्सिल एवढेच साहित्य लागते. शाई टाळावी, कारण खाडाखोड ठरलेली आहे. प्रत्येक सामन्याचा निकाल आणि धावफलक रेट्रोशीट व बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतो. वहीच्या डाव्या पानावर रोजचा सामना लिहावा: तारीख, प्रतिस्पर्धी, घरचे मैदान की बाहेरचे, धावा आणि निकाल. उजव्या पानावर जायंट्सचे एकूण विजय-पराभव, पहिल्या जागेसाठी त्यांच्याशी झुंजणाऱ्या ब्रुकलिन डॉजर्सचे एकूण विजय-पराभव आणि दोघांमधील अंतर असे रकाने ठेवावेत. तारीख अमेरिकेचीच घालावी. ३ ऑक्टोबरचा निर्णायक सामना तेथे दुपारी ३ वाजून ५८ मिनिटांनी संपला, तेव्हा पूर्व खान्देश जिल्ह्यात, म्हणजे आजच्या जळगावात, ४ ऑक्टोबरच्या पहाटेचे जवळजवळ अडीच वाजले होते.

नोंदी सुरू करण्यापूर्वी हंगामाची चौकट पहिल्या पानावर लिहून ठेवावी. त्या काळी नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग होत्या आणि प्रत्येकीत आठ संघ होते. प्रत्येक संघ आपल्या लीगमधील उरलेल्या सात संघांशी प्रत्येकी २२ सामने, त्यांपैकी ११ घरी आणि ११ बाहेर, असे एकूण १५४ सामने खेळत असे. सोळा संघ मिळून शहरे दहाच होती, आणि सर्वांत पश्चिमेचे शहर सेंट लुइस होते. बाद फेरी नव्हती. प्रत्येक लीगमधील पहिला संघ थेट वर्ल्ड सिरीज खेळे आणि दुसरा घरी जाई. दुसऱ्या क्रमांकाला काहीच किंमत नसल्यामुळे आपल्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे अंतराचा.

हे अंतर काढण्याची रीत क्रिकेटच्या गुणतक्त्यापेक्षा निराळी आहे, कारण येथे विजयाला गुण मिळत नाहीत. पुढच्या संघाचे जास्तीचे विजय आणि मागच्या संघाचे जास्तीचे पराभव यांची बेरीज करून तिला दोनने भागावे. ११ ऑगस्टची नोंद उदाहरणादाखल घेऊ. त्या दिवशी डॉजर्सने एकाच दिवसातल्या दोन सामन्यांपैकी पहिला जिंकला, तेव्हा त्यांचे ७० विजय आणि ३५ पराभव झाले होते, तर जायंट्सचे ५९ आणि ५१. विजयांतील फरक ११, पराभवांतील फरक १६, बेरीज २७, म्हणून अंतर साडेतेरा सामन्यांचे. डॉजर्स दुसरा सामना हरल्यावर तेच अंतर तेरावर आले. पुस्तकांत कोठे तेरा तर कोठे साडेतेरा आढळते, त्याचे कारण हे आहे, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एका दिवसात दोन सामने असतील, तर रोजकीर्दीत दोन ओळी घालण्याची शिस्त येथे उपयोगी पडते.

आता वही एप्रिलपासून भरत जावी. जायंट्सने पहिल्या १४ सामन्यांपैकी १२ गमावले, आणि त्यांत सलग ११ पराभव होते. ही पाने कंटाळवाणी वाटली, तरी सोडू नयेत. पुढे १२ ऑगस्टपासून सलग १६ विजयांची रांग लागते, आणि तेव्हापासून हंगामाच्या अखेरीपर्यंत ४४ पैकी ३७ सामने ते जिंकतात. मात्र त्याच वेळी डॉजर्सचा रकानाही पाहावा. त्यांनी उरलेल्या ४८ सामन्यांपैकी २६ जिंकले आणि २२ हरले. डॉजर्स कोसळले, असे सर्रास लिहिले जाते. निम्म्याहून अधिक सामने जिंकणाऱ्या संघाला कोसळला म्हणणे मला पटत नाही. ३० सप्टेंबरला तर फिलाडेल्फियात १४ डावांपर्यंत लांबलेला सामना जॅकी रॉबिन्सनच्या होमरनवर ९-८ असा जिंकून त्यांनी बरोबरी टिकवली. दोन्ही संघ ९६ विजय आणि ५८ पराभवांवर थांबले.

येथे मी स्वतः फसलो होतो. बरोबरी फोडण्यासाठी झालेले तीन सामने मी वेगळ्या पानावर लिहिले आणि मग दोन संध्याकाळ बेरीज जुळेना. नियमाप्रमाणे हे तीन सामने नियमित हंगामातच धरले जातात. पहिला जायंट्सने ३-१ जिंकला, दुसरा डॉजर्सने १०-० आणि तिसरा जायंट्सने ५-४. त्यामुळे अखेरचा हिशेब जायंट्सचा ९८-५९ आणि डॉजर्सचा ९७-६० असा होतो. यानंतर जायंट्स न्यूयॉर्क यँकीजकडून २-४ अशी जी वर्ल्ड सिरीज हरले, तिला मात्र वेगळे पान द्यावे. ती या बेरजेत येत नाही.

खेळाडूंची खतावणी सर्वांची घालू नये; दोघा-तिघांची पुरे होते. विली मेज यापासून सुरुवात करावी, कारण त्याच्या खात्यात सरासरीचा फसवेपणा स्वच्छ दिसतो. बॅटिंग सरासरी म्हणजे हिटची संख्या भागिले ॲट-बॅटची संख्या; पिचरने चार ‘बॉल’, म्हणजे मारण्याच्या पट्ट्याबाहेरचे चेंडू, टाकल्यामुळे मिळालेला वॉक ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत. मेज २५ मे रोजी संघात आला, पहिल्या १२ वेळा कोरा राहिला, मग पिचर वॉरन स्पॅनला होमरन मारला आणि पुन्हा थंडावला. पहिल्या २६ ॲट-बॅटमध्ये एकच हिट. हंगामाअखेर त्याचे ४६४ ॲट-बॅटमध्ये १२७ हिट झाले, म्हणजे सरासरी ०.२७४. आता सुरुवातीचे ते २६ वजा करावेत: ४३८ मध्ये १२६, म्हणजे ०.२८८. वीस वर्षांच्या या मुलाला त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरवणाऱ्यांना काय दिसले असेल, ते या वजाबाकीतून कळते. दुसरे खाते माँटी अर्विनचे घालावे. त्याने १२१ धावा आणून दिल्या आणि नॅशनल लीगमध्ये तो या यादीत पहिला होता.

वहीच्या कडेला ‘कारण’ असा एक अरुंद रकाना ठेवावा आणि तो पेन्सिलीने हलकेच भरावा. मे महिन्यात व्यवस्थापक लिओ ड्युरोशरने व्हाइटी लॉकमनला पहिल्या बेसवर आणि अर्विनला लेफ्ट फील्डमध्ये नेले. २० जुलैला बॉबी थॉमसन तिसऱ्या बेसवर आला. साधारण त्याच दिवसांत, पोलो ग्राउंड्स या घरच्या मैदानावर सेंटर फील्डमागच्या क्लबहाउसमधून दुर्बिणीने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा पाहून त्या विजेच्या घंटीने आपल्या माणसांना कळवण्याची युक्तीही सुरू झाली. तिची सविस्तर हकिकत २००१ मध्ये वृत्तपत्रातून उजेडात आली. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्यामुळे सगळे श्रेय, किंवा सगळा दोष, एकीच्याच नावावर टाकता येत नाही. रोजकीर्दीतला ‘घरचे की बाहेरचे’ हा रकाना येथे कामी येतो: दुर्बीण फक्त घरी होती, त्यामुळे बाहेरच्या मैदानांवरचे विजय वेगळे मोजावेत.

मैदानाचे मापही टिपून ठेवावे. पोलो ग्राउंड्सची उजवी फाउल लाइन अवघी २५८ फूट, डावी २७९ फूट, पण मधली भिंत तब्बल ४८३ फुटांवर होती. म्हणजे कडेला साधा फटका होमरन ठरे आणि मध्ये तोफेसारखा फटकाही झेल होई.

शेवटी एक डाव तरी स्कोअरबुकच्या खुणांनी स्वतः लिहून पाहावा. जागांचे क्रमांक ठरलेले आहेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड अनुक्रमे ७, ८, ९. सॉफ्टबॉलचे गुणलेखन केलेल्यांना हे परिचित आहे. ३ ऑक्टोबरचा जायंट्सचा नववा डाव घ्यावा. डॉजर्स ४-१ ने पुढे, पिचर डॉन न्यूकम. ॲल्विन डार्क सिंगल. डॉन म्यूलर सिंगल. अर्विनचा उंच झेल पहिल्या बेसवरच्या गिल हॉजेसने घेतला, म्हणून चौकटीत ३ हा आकडा आणि एक आऊट. लॉकमन डबल, डार्क घरी, ४-२; तिसऱ्या बेसवर पोहोचताना म्यूलरचा घोटा दुखावला आणि त्याच्या जागी क्लिंट हार्टंग धावायला आला. न्यूकम गेला, राल्फ ब्रँका आला, आणि त्याच्या दुसऱ्या चेंडूवर थॉमसनने लेफ्ट फील्डच्या प्रेक्षकांत होमरन मारला.

आता पिचरचे रकाने भरावेत, कारण चूक हमखास येथे होते. न्यूकमच्या नावावर आठ पूर्ण डाव आणि एक तृतीयांश. ब्रँकाच्या नावावर शून्य, कारण त्याने एकही आऊट घेतला नाही. बेसवर आधीपासून असलेले हार्टंग आणि लॉकमन हे न्यूकमचे देणे होते, त्यामुळे पाच धावांपैकी चार त्याच्या खात्यावर जातात आणि ब्रँकाच्या खात्यावर एकच. पराभव मात्र ब्रँकाच्याच नावावर लिहावा: डॉजर्सना मागे टाकणारी पाचवी धाव थॉमसनची स्वतःची होती आणि त्याला बेसवर सोडणारा पिचर तोच होता.