पहाटे चारची रंगीत तालीम

गावात भूकंपाची तालीम घ्यायची तर तिची वेळ आधी ठरवा, आणि ती पहाटे चारचीच ठेवा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला ३ वाजून ५६ मिनिटांनी. किल्लारीच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. शाळेत दुपारी घंटा वाजवून पोरांना बाकाखाली बसवतात, ते व्हायलाच हवे. पण किल्लारीच्या भूकंपात जवळपास १० हजार माणसे गेली ती झोपेत. म्हणून तालीमही अंथरुणातूनच सुरू व्हावी.

त्याआधी एका दिवशी उजेडात गल्लीगल्लीने घरे पाहून घ्या. जुन्या दगडमातीच्या भिंतीला आतून-बाहेरून दगडांचे दोन थर असतात, मधे चिपा आणि मातीची भर. दोन्ही थर सांधणारे लांब दगड नसतील तर हादऱ्याने भिंत फुगते नि फुटते, आणि वर्षानुवर्षे माती चढवलेले माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, खाली येते. अशी घरे वहीत वेगळी लिहा. त्यांतल्या माणसांची अंथरुणे दाराजवळ आणा, भिंतीलगतच्या फळीवरची पितळी भांडी खाली उतरवा. या घरांना सूचनाही वेगळी द्यावी लागेल. आरसीसीच्या घरात खाली बसायचे, डोके झाकायचे, टेबलाचा पाय धरून ठेवायचा आणि हादरे थांबेपर्यंत जिना गाठायचा नाही. माळवदाखालच्या माणसाला दार दोन-चार पावलांवर आणि पुढे मोकळे अंगण असेल, तर त्याने चटकन बाहेर पडलेले बरे. दोघांना एकच पाठ पढवणे मला धोक्याचे वाटते.

दाराची कडी तपासा. माझ्या मावशीच्या घरी आम्ही दिवा बंद करून पाहिले, तेव्हा रोज हाताखालची कडी तिला अंधारात सापडेना. सापडली तर गंजल्यामुळे सरकेना. आता तिथे तेल घातलेली नवी कडी आहे, उशाशी बॅटरी आहे, आणि चपला पिशवीत घालून खाटेच्या पायाला बांधल्या आहेत, कारण पडझडीत काचा-खिळ्यांवरून अनवाणी चालवत नाही.

तालमीच्या पहाटे वायरमनला सांगून डीपीवरून वीज बंद करा. भोंग्यावर विसंबू नका, हलगी वाजवा. गल्लीने ठरलेल्या मोकळ्या जागी जमायचे, विजेच्या तारा आणि पाण्याची टाकी टाळून. प्रत्येक गल्लीत एका बाईने माणसे मोजायची. हे काम बायकांकडे द्या, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची लेक बाळंतपणाला आलीय, हे त्यांनाच ठाऊक असते. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना घोंगडी आणि दोन बांबूंच्या डोलीतून खरेच उचलून आणा. नुसते ‘आणू’ म्हणून भागत नाही, दारातून डोली वळते का ते तेव्हाच कळते.

मग ‘असे झाले तर’च्या चिठ्ठ्या काढा. पूल खचला, ॲम्ब्युलन्स येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रच पडले. सरपंचच ढिगाऱ्याखाली आहेत, आता निर्णय कोण घेणार? आणि आमच्या भागातली सगळ्यांत अवघड चिठ्ठी: दिवाळी होऊन गेलीय, धडधाकट माणसे ऊसतोडीला गेलीत, गावात म्हातारी नि पोरे उरलीत. अशा वेळी पहार कोण धरणार, शेजारच्या कोणत्या गावातून माणसे मागवायची, हे नावानिशी लिहून ठेवा. पहिल्या काही तासांत शेजारीच शेजाऱ्याला बाहेर काढतो. म्हणून पहारी, कुदळी, फावडी, घमेली, ट्रॅक्टरचे जॅक आणि दोरखंड कोणाकडे आहेत याची यादी ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक गल्लीत एकेक असावी. ११२ आणि १०८ हे नंबर भिंतीवर रंगवा. गॅसची टाकी बंद करणे आणि काडी न ओढणे पोरांकडूनही वदवून घ्या.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कशाला होतोय भूकंप? १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसरही नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि १९९२ मध्येच तिथे छोटे धक्के जाणवू लागले होते. धक्का बसला की तारीख-वेळ वहीत लिहा आणि तहसील कार्यालयाला कळवा.

उजाडल्यावर चहा घेता घेता, कोण उशिरा आले आणि का, ते त्याच वहीत मांडा. पुढची तारीखही तिथेच ठरवा, ती ऊसतोडीच्या हंगामातली असू द्या.