थरारक विज्ञानकथा-एपिसोडवर प्रतिक्रिया कशी लिहावी

अंतराळयानांची झुंज, पाठोपाठचे स्फोट, अगदी शेवटच्या क्षणी झालेली सुटका आणि लगेच झळकणारी श्रेयनामावली, असा एपिसोड संपला की चाहत्याच्या तोंडून ‘जबरदस्त’ किंवा ‘पार वाट लावली’ यांपैकी एखादा उद्गार हमखास निघतो. उद्गार मनापासूनचा असतो, परंतु तो वाचून दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण नेमके काय भिडले आणि कशामुळे भिडले, किंवा कुठे फसले आणि का फसले, हे त्यात नसते. अशा एपिसोडवर लिहिताना सगळी मदार एका प्रश्नावर ठेवावी, असे माझे मत आहे: धुमश्चक्री संपल्यानंतर कोणाचे काय बदलले? या प्रश्नाचे उत्तर ज्याला दोन वाक्यांत देता येते, त्याची प्रतिक्रिया स्तुतीची असो की टीकेची, वाचण्याजोगी होते. पुढे काही जुन्या मालिकांची उदाहरणे दिली आहेत आणि त्यांतील महत्त्वाच्या घटना ओघाने उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली टिपणे एपिसोड संपताक्षणी, इतर कोणाचेही मत वाचण्यापूर्वी किंवा ऐकण्यापूर्वी करावीत. दुसऱ्याचे मत एकदा कानावर पडले की ते आपल्या आठवणीत इतके बेमालूम मिसळते की मूळचे आपले काय होते, हे वेगळे काढता येत नाही. या टिपणांत वाक्ये पूर्ण असण्याची गरज नाही. कोणत्या प्रसंगी श्वास रोखला गेला, कुठे लक्ष उडाले, कोणता संवाद जसाच्या तसा आठवतो, कोणते पात्र संकटात असूनही त्याची काळजी वाटली नाही, एवढे उतरवले तरी पुरे. पाहता पाहता लिहिण्याचा मोह मात्र टाळावा. वेगवान प्रसंगात मान खाली घातली की नेमका तोच शॉट हुकतो आणि मग ‘हा इथे कसा पोहोचला?’ अशी तक्रार आपणच करतो, ज्याचे उत्तर पडद्यावर येऊन गेलेले असते.

पडद्यासंबंधी एक व्यवहारातली गोष्ट इथेच सांगायला हवी. ‘सगळा एपिसोड अंधारात होता, काही दिसलेच नाही’ किंवा ‘मारामारी अगदी स्वस्त वाटली’ अशा तक्रारींमागे पुष्कळदा टीव्हीचे सेटिंग असते. बहुतेक कथात्मक मालिका सेकंदाला सुमारे २४ फ्रेम या गतीने चित्रित होतात. टीव्हीमधले मोशन स्मूदिंग चालू असल्यास यंत्र मधल्या फ्रेम स्वतः तयार करून भरते आणि मेहनतीने उभा केलेला प्रसंग घरगुती चित्रीकरणासारखा गुळगुळीत दिसू लागतो. छायाचित्रणावर किंवा व्हीएफएक्सवर (संगणकावर तयार केलेल्या दृश्यांवर) टीका करण्यापूर्वी हे सेटिंग बंद करावे, खोलीतला उजेड कमी करावा आणि तो प्रसंग पुन्हा पाहावा. त्यानंतरही दिसत नसेल, तर तक्रार खुशाल करावी.

दुसऱ्यांदा पाहताना संपूर्ण एपिसोड पाहिला नाही तरी चालेल, पण मुख्य लढाईचा प्रसंग पाहावाच, आणि शक्य झाल्यास एकदा आवाज बंद करून. पार्श्वसंगीत आणि स्फोटांचे आवाज काढून घेतले की उरते ती निव्वळ मांडणी: कोण कुठे आहे, शत्रू कोणत्या बाजूने येतो आहे, बाहेर पडण्याची वाट कुठे आहे, आणि कॅमेरा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर हे सगळे लक्षात राहते की नाही. चांगल्या प्रसंगात आवाजाविनाही गोंधळ होत नाही. फसलेल्या प्रसंगात वेग दिसतो, पण दिशा कळत नाही, आणि मग थरार संगीताच्या जोरावर उभा होता हे ध्यानात येते. त्यानंतर प्रसंगाची उकल तीन अंगांनी करावी: पात्राला काय हवे होते, आड काय आले, आणि त्याने कोणता निर्णय घेतला. यांतला निर्णय सर्वांत महत्त्वाचा. ज्या लढाईत कोणालाच काही निवडावे लागत नाही, ती कितीही नेत्रदीपक असली तरी दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या नव्या आवृत्तीतला ‘३३’ हा भाग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. तो ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००४ मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी २००५ मध्ये प्रथम दाखवला गेला आणि २००५ साली त्याला छोट्या नाट्याविष्कारासाठीचा ह्यूगो हा विज्ञानकथांचा नामांकित पुरस्कार मिळाला. शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो, जिवंत राहिलेल्या माणसांचा यानांचा ताफा प्रकाशाहून वेगवान उडी मारून निसटतो, पुन्हा ३३ मिनिटे मोजायची, आणि हे कित्येक दिवस चाललेले. हल्ले आहेत, धावपळ आहे, परंतु खरा ताण झोपेवाचून तारवटलेल्या डोळ्यांत आहे, आणि शेवटी, शत्रूला माग देत असल्याच्या संशयावरून, १३००हून अधिक प्रवाशांच्या आपल्याच एका जहाजावर स्वतःहून गोळीबार करण्याचा हुकूम द्यावा लागतो. या भागावर ‘अॅक्शन मस्त’ असे लिहिणारा त्याचा गाभाच सोडून देतो. उलट, ‘घड्याळाने थकवा वाढवत नेला आणि तो हुकूम थकलेल्या माणसांना द्यावा लागला, म्हणून तो भयंकर वाटला’ असे एक वाक्य लिहिले तरी न पाहिलेल्या माणसालाही त्या भागाची जात कळते. राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावरचा वाचलेल्यांचा आकडा शेवटी एका नवजात बाळामुळे एकाने वाढतो, ही बाबही लढाईच्या हिशेबातच धरावी. ‘काय बदलले’ या प्रश्नाचे तेही एक उत्तर आहे.

बदल कधी कधी त्याच भागात दिसत नाही, आणि इथे घाईने लिहिणाऱ्याची फसगत होते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधला ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चा पहिला भाग जून १९९० मध्ये आला आणि शत्रूने आपल्यात सामावून घेतलेला कप्तान पिकार्ड ज्या यानावर आहे, त्याच यानावर मारा करण्याचा आदेश त्याचा सहकारी रायकर देतो, तिथे तो तुटला. दुसरा भाग सप्टेंबरमध्ये आला. चाहत्यांनी मधला सबंध उन्हाळा तर्क लढवत काढला, आणि आजही क्लिफहँगरची, म्हणजे ऐन उत्कंठेच्या क्षणी तोडलेल्या शेवटाची, गोष्ट निघाली की याच भागाचा दाखला दिला जातो. मला मात्र या दोन्ही भागांनंतर आलेल्या भागाचे महत्त्व अधिक वाटते. ‘फॅमिली’ या त्या एपिसोडमध्ये लढाई नाहीच. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या घरी परततो आणि भावासमोर ढसाढसा रडतो. धुमश्चक्रीची किंमत तिथे मोजली गेली. यावरून एक पथ्य सुचते: परिणाम पुढच्या भागात येण्याची शक्यता असेल तेव्हा ‘परिणाम दाखवलाच नाही’ असा निकाल देऊ नये, ‘अजून दाखवलेला नाही’ असे लिहावे. दोन्ही वाक्यांत अंतर थोडे आहे, पण पहिले वाक्य आठवड्याभरात खोटे ठरू शकते.

याच कथेतली आणखी एक गोष्ट टीकाकारांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याच शत्रूशी वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळ झालेली महाभयंकर लढाई त्या दोन भागांत जवळजवळ दाखवलेलीच नाही; नायकांचे यान पोहोचते तेव्हा जहाजांचे अवशेष तरंगत असतात, एवढेच दिसते. प्रत्यक्ष लढाई काही प्रमाणात पडद्यावर आली ती १९९३ साली, ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या दुसऱ्या मालिकेच्या आरंभीच्या भागात. न दाखवलेल्या गोष्टीमागे बजेट असते, कधी सौंदर्यदृष्टी असते, कधी दोन्ही असतात, आणि प्रेक्षकाला आतली बातमी नसते. म्हणून ‘पैसे वाचवले’ असे छातीठोकपणे लिहिण्याऐवजी, जे दाखवले त्याने काम भागले की नाही, एवढेच तपासावे. त्या अवशेषांच्या दृश्याने भागले, असे माझे मत आहे.

विज्ञानकथा म्हटल्यावर विज्ञानाचा प्रश्न येणारच, आणि इथे चाहते दोन टोकांना जातात. काही जण प्रत्येक स्फोटाच्या आवाजावर बोट ठेवतात, तर काही जण ‘शेवटी काल्पनिकच आहे’ म्हणून सगळेच सोडून देतात. निर्वात पोकळीत ध्वनी पसरत नाही हे खरे. परंतु ज्या मालिकेने पहिल्या भागापासून अंतराळात आवाज ऐकवला आहे, तिने आपल्याशी तसा करार केलेला असतो, आणि दहाव्या भागात त्याबद्दल ओरडण्यात अर्थ नसतो. दोष तेव्हा मानावा, जेव्हा मालिका स्वतःचाच नियम मोडते. ज्या यानाला प्रकाशाहून वेगवान उडीपूर्वी आकडेमोड करावी लागते असे आजवर दाखवले, ते ऐन संकटात काही न करता उडाले, तर हे नक्की लिहावे, आणि तो नियम याआधी कोणत्या भागात आला होता तेही सांगावे. उलटपक्षी, नियम पाळून थरार निर्माण केला असेल तर त्याचे श्रेय द्यावे. ‘द एक्स्पान्स’मध्ये यानाच्या इंजिनाचा जोर हेच माणसांना जाणवणारे वजन असते, जोर थांबला की माणसे आणि वस्तू तरंगू लागतात, जोर बेसुमार वाढला की शरीर चिरडले जाण्याची वेळ येते. पहिल्या सीझनमधल्या ‘डॉनेजर’ या युद्धनौकेवरच्या लढाईत एक गोळा भिंती भेदून आरपार जातो, एका पात्राचे शिर उडते आणि उरलेल्यांना हवा निसटण्यापूर्वी भोके बुजवावी लागतात. तिथली भीती थेट भौतिकशास्त्रातून आलेली आहे, आणि प्रतिक्रियेत हा धागा दाखवला तर ती निव्वळ कौतुकाच्या पलीकडे जाते.

‘प्लॉट आर्मर’ची, म्हणजे कथेला हवा म्हणून नायक प्रत्येक वेळी वाचतो अशी, तक्रार हल्ली फार स्वस्त झाली आहे. नायक वाचणार हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते, त्यामुळे तो वाचला हा दोष ठरत नाही. तो कशामुळे वाचला, हे पाहावे लागते. आधी पेरलेल्या कौशल्याने, सोबत्याने मोजलेल्या किमतीने किंवा शत्रूच्या स्वभावातल्या उणिवेने वाचला असेल तर तक्रारीला जागा नाही. शंभर नेमबाजांचे नेम एकाच वेळी चुकले म्हणून वाचला असेल तर आहे, आणि मग तो प्रसंग नेमका सांगून तक्रार करावी.

टीका कोणाच्या नावे जमा करायची, हेही तपासून घ्यावे. मालिकेत दिग्दर्शक भागागणिक बदलू शकतो आणि एकूण दिशा बहुधा शोरनर, म्हणजे संपूर्ण मालिकेचा सर्जनशील प्रमुख, ठरवतो. त्यामुळे पात्राचे वागणे पटले नाही तर रोख लेखनाकडे, लढाईचा भूगोल कळला नाही तर दिग्दर्शन आणि संकलनाकडे, आणि अवघड झुंज अंगावर आली तर स्टंटच्या चमूकडेही श्रेय जायला हवे. श्रेयनामावली न उडवता पाहिली की ही नावे मिळतात. नटाला त्याच्या पात्राच्या निर्णयाबद्दल फैलावर घेणे तर निखालस अन्यायाचे आहे. जाहिरातींसाठी थांबणाऱ्या वाहिनीकरता लिहिलेला जुना एपिसोड सलग पाहताना दर काही मिनिटांनी कृत्रिम कळस आल्यासारखा वाटतो. तो विरामापूर्वी प्रेक्षकाला बांधून ठेवण्यासाठी असतो, एवढे जाणूनच त्याच्या गतीबद्दल लिहावे.

आता प्रत्यक्ष लेखन. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात स्पॉयलर, म्हणजे कथानक फोडणारा तपशील, नसावा. कोण मेले हे तर नाहीच, पण ‘शेवट पाहून हादरलो’ हेसुद्धा एक प्रकारे फोडणेच आहे, कारण वाचणारा मग सबंध भाग त्या धक्क्याची वाट पाहत बसतो. आरंभी मालिकेचे नाव, सीझन आणि भाग क्रमांक द्यावा, पुढे कथानक उघड होणार असल्याची स्पष्ट सूचना द्यावी आणि मग मोकळेपणाने लिहावे. कथासार तीन-चार वाक्यांत आटोपावे, कारण वाचणाऱ्याने एक तर भाग पाहिलेला असतो किंवा तो पाहणार असतो. उरलेली जागा एका, फार तर दोन प्रसंगांना द्यावी. सगळ्याच प्रसंगांवर एकेक वाक्य लिहिले की यादी तयार होते आणि मत हरवते. पहिल्या टिपणातली भावना आणि दुसऱ्या पाहण्यातले निरीक्षण यांत तफावत आढळली तर ती लपवू नये. ‘पाहताना थरारलो, पण पुन्हा पाहिल्यावर प्रसंग पोकळ वाटला’ हे वाक्य दोहोंपैकी कोणत्याही एकट्या मतापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

फॅन थिअरी, म्हणजे पुढे काय होईल याबद्दलचा चाहत्याचा तर्क, मांडायची असल्यास ती प्रतिक्रियेपासून वेगळी ठेवावी आणि तिला पडद्यावरचा आधार द्यावा. मनातली थिअरी खरी ठरली नाही म्हणून एपिसोडला कमी लेखणे ही चाहत्यांची जुनी खोड आहे; जो भाग लिहिलाच गेला नव्हता, त्याच्याशी तुलना करून लिहिलेल्या भागाला नापास करण्यात काही हशील नाही.

पुढचा भाग आल्यावर आपले मत बदलले, तर मूळ मजकूर पुसू नये. त्याखाली तारीख घालून दोन ओळींची पुरवणी जोडावी आणि कोणत्या प्रसंगामुळे मत बदलले, ते लिहावे.