आधी पाणी, मग सायकल: नवी मुंबईतून पहिल्या ट्रायथलॉनची तयारी

ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकामागोमाग एकाच शर्यतीत, करायचंय म्हणून जे कोणी माझ्याशी बोलायला येतात, त्यांचा पहिला प्रश्न सायकलचा असतो. कार्बनची घ्यावी का, सेकंडहँड चालेल का, एअरो बार (पुढे वाकून हात टेकवायचे दांडे) लावावेत का. दुसरा प्रश्न बुटांचा. पोहण्याचा विषय मी काढला की उत्तर येतं, "पोहता येतं हो, गावच्या विहिरीत शिकलोय." मग मी विचारते, तोंड पाण्यात घालून, न थांबता, चारशे मीटर? तिथे गप्पा जरा थंडावतात.

मी नेरूळला राहते, नोकरी ऐरोलीत, बँकेच्या बॅक ऑफिसात. पस्तिशीनंतर पळायला लागले, मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी केली, मग ऑफिसच्या ग्रुपच्या नादाने सायकल आली आणि चाळिशीच्या तोंडावर पोहणं. आमच्याकडच्या बहुतेकांचा क्रम हाच असतो. माझं मत असं की नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो उलटा करावा: आधी पोहणं शिकावं, सायकलचे पैसे नंतर काढावेत.

आधी अंतरं सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. स्प्रिंट म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ऑलिंपिक त्याच्या दुप्पट: 1.5, 40 आणि 10. सिडनी 2000 पासून ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक शर्यतीसाठी हेच अंतर आहे. हाफ म्हणजे 1.9, 90 आणि 21.1, एकूण 113 किलोमीटर. मैलांत ते 70.3 होतं म्हणून गोव्याच्या आयर्नमन 70.3 या शर्यतीच्या नावात तो आकडा आहे; आयर्नमन हे हाफ आणि फुल शर्यती भरवणाऱ्यांचं नाव. फुल म्हणजे 3.8, 180 आणि वर पूर्ण मॅरेथॉन.

आता 113 मधले 1.9 म्हणजे दोन टक्केही नाहीत. त्यामुळे इंटरनेटवरचे तयार प्लॅन सांगतात की पोहण्यावर फार वेळ घालवू नका, सायकलवर घाला, मिनिटं तिथे वाचतात. हिशेब बरोबरच आहे, पण तो शाळेत असताना पोहायला शिकलेल्या माणसासाठी मांडलेला आहे. आपल्याला मिनिटं वाचवायची नसतात, आपल्याला पाण्याबाहेर यायचं असतं. हाफ आयर्नमनमध्ये पोहण्याला साधारण 1 तास 10 मिनिटांची मुदत असते. त्या वेळेत बाहेर आलं नाही तर शर्यत तिथेच संपते, आणि ऐंशी हजारांची सायकल रॅकवर तशीच उभी राहते.

मिलिंद सोमणने 2015 मध्ये पन्नाशीला टेकलेला असताना झुरिकचं फुल आयर्नमन पूर्ण केलं, तेव्हा आपल्याकडे कितीतरी लोकांच्या डोक्यात हा किडा शिरला. पण तो तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता, हे कोणी लक्षात घेत नाही. पुण्याचे कौस्तुभ राडकर, ज्यांच्या आयर्नमनांची यादी भलीमोठी आहे, तेही मुळात जलतरणपटूच. या माणसांना पहाटे समुद्र बघून पोटात गोळा येत नाही. आपल्याला येतो, आणि तो मसल्स वाढवून जात नाही.

गंमत म्हणजे नवी मुंबईच्या कडेने सगळी खाडी. पण तिच्यात पोहायची सोय नाही. ओहोटीला मैलभर चिखल, आणि सांडपाणी वेगळंच. फ्लेमिंगोंना मानवतं, आपल्याला नाही. माझा एक सहकारी करावे गावचा आहे, आगरी. त्याचे वडील याच खाडीत होडी घालायचे, तो पोरपणी तिच्यात डुंबलेला. फ्रीस्टाइलचा एक हात त्याला धड येत नव्हता, तरी आमच्या बॅचमध्ये तो सगळ्यांत लवकर तयार झाला, कारण पाण्यात तो घाबरत नव्हता. तंत्र शिकवता येतं. भीती घालवायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपण सायकलच्या दुकानात घालवतो.

तर तरणतलाव. बॅच पाऊण तासाची, गर्दी मे महिन्यात अफाट, जूननंतर निम्म्यावर. माझा सल्ला: पावसाळ्यातच शिकायला लागा. पाऊस पडतो म्हणून लोक येत नाहीत. भिजायलाच जायचंय तर पावसाने काय फरक पडतो हे मला आजवर कळलेलं नाही. नवरा सकाळचा डबा बघणार, मी पाण्यात, अशी घरात वाटणी झाली आणि गाडी रुळावर आली.

पळणाऱ्यांची पाण्यात ठरावीक पंचाईत होते. घोटे ताठ, त्यामुळे पाय मारला की पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी ब्रेक लागतो. मांड्या जड, कंबर बुडते. कंबर बुडाली की डोकं वर काढावंसं वाटतं, आणि डोकं वर काढलं की कंबर आणखी बुडते. आमचे सर पहिल्या महिन्यात एकच वाक्य बोलायचे, "मॅडम, तळाकडे बघा, समोर काही नाहीये." दुसरी गोष्ट श्वासाची. सगळ्यांना वाटतं श्वास घ्यायला जमत नाही. खरं तर सोडायला जमत नसतो. तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे मान वळवल्यावर फक्त आत घेणं उरतं. श्वास कोंडून धरला तर पन्नास मीटरमध्ये माणूस धापा टाकतो आणि मग म्हणतो माझा स्टॅमिना कमी आहे. अर्धी मॅरेथॉन पळणाऱ्या माणसाचा स्टॅमिना कमी नसतो.

हात ओढताना पाणी मागे ढकलायची घाई नको. कोपर वर ठेवून आधी पाणी धरायचं, मग अंग त्याच्यावरून पुढे न्यायचं. हे वाचून येत नाही, कोणीतरी काठावरून बघून ओरडावं लागतं. म्हणून पहिले काही महिने शिकवणाऱ्यावर पैसे खर्च करा. स्मार्ट घड्याळापेक्षा ते कितीतरी उपयोगी. सलग चारशे मीटर जमले की पुढचं अंतर आपोआप वाढतं. 25 मीटरच्या तलावात 1.9 किलोमीटर म्हणजे 76 लांब्या, आणि त्या मोजताना डोकं बधिर होतं एवढाच त्रास.

समुद्र मात्र वेगळा विषय आहे, आणि तो शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा बघायचा नसतो. तळाला काळी रेघ नाही, काठ नाही, उभं राहायला जागा नाही. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढून बोया (वाट दाखवणारा तरंगता फुगा) कुठे आहे ते बघावं लागतं. आम्ही त्याला साइटिंग म्हणतो. नाही केलं तर सरळ जातोय असं वाटत वाटत भलतीकडेच निघतो. सराव तलावातही होतो: गॉगलमधून लाइफगार्डची खुर्ची शोधत राहायची. जमेची बाजू ही की खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं. वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या, खर्चात पडू नका. आयर्नमनच्या शर्यतींत हौशी स्पर्धकांना तो साधारण 24.5 अंशांपर्यंतच्या पाण्यातच धरला जातो, आणि आपला समुद्र त्याहून बराच गरम.

मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होतात, त्यांतली छोटी अंतरं नवख्याला उत्तम. तिथे दहा-बारा वर्षांची पोरं तुम्हाला मागे टाकून जातात. धरमतर ते गेटवे हे 36 किलोमीटरचं अंतर पोहणारी मुलंही याच महाराष्ट्रात आहेत, तेव्हा मनाला लावून घेऊ नये.

सुटताना गर्दीत लाथा बसतात, गॉगल निघतो. कडेला उभं राहा, पुढच्यांना जाऊ द्या. घाबरायला झालं तर उताणं व्हा आणि वर बघा, दम परत येतो. मदतीच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबलं तरी चालतं, तिच्या आधाराने पुढे सरकलं नाही म्हणजे झालं. हा नियम माहीत असणं हाच मोठा धीर. गोव्यात मिरामारला पहिल्या बोयापाशी मी धरली होती. आमच्या ग्रुपमध्ये त्यावरून मला अजून चिडवतात.

सायकलबद्दल थोडक्यात. पहिल्या स्प्रिंटला हायब्रिड (सरळ हँडलची साधी सायकल) चालते, मागून आणलेली असली तरी. पाम बीच रोड सगळ्यांचा लाडका. वाशी ते बेलापूर जेमतेम दहा किलोमीटर, सपाट, खाडीचा वारा. पण तिथे पहाटे गाड्या सुसाट असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी याच रस्त्यावर नेरूळजवळ पहाटे टॅक्सीच्या धडकेत गेले; तेही एकटे नव्हते, सोबत ग्रुप होता. त्यानंतर माझ्या घरून पाम बीचला हरकत आली आणि मी वाद घातला नाही. चढासाठी खारघरची टेकडी किंवा, ठाण्याकडचे असाल तर, येऊर. लांब आणि नेमका सराव घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, पंखा लावून. कंटाळवाणं आहे, पण ट्रेनरवर टॅक्सी येत नाही.

ग्रुपमध्ये पुढच्याच्या चाकामागे लपून चालवायची सवय लागते, ती मोडावी लागते. आयर्नमनच्या शर्यतींत हौशींना पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंडाची मिनिटं बसतात. म्हणजे 90 किलोमीटर वारा तुमचा तुम्हीच कापायचा. आणखी एक: हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय रॅकवरच्या सायकलला हात लावायचा नाही. घाईत नवखे यावरच पकडले जातात.

धावण्याबद्दल मी काय सांगणार, इकडे तर सगळेच पळतात. फक्त सायकलवरून उतरून लगेच पळायचा सराव, ज्याला ब्रिक म्हणतात, आठवड्यातून एकदा करा. पहिला किलोमीटर पाय कोणा दुसऱ्याचे वाटतात. मग आपले होतात. आणि रोजचं बहुतेक पळणं इतकं सावकाश असू द्या की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. आमच्या सीवूड्सच्या ग्रुपमध्ये लोक सरावातच शर्यत लावतात आणि शर्यतीच्या महिन्यात गुडघा धरून बसतात.

खाण्याचा सराव मात्र ट्रेनरवरच करायचा. हाफसाठी सायकलवर तासाला साधारण साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट हे धरून चाला. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक असतं. जेल (पाकिटातला गोड, घट्ट पाक) आवडत नसतील तर केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. चिक्की उन्हात पघळते आणि खिशाला चिकटते, आधीच तुकडे करून पिशवीत भरा. आपल्या दमट हवेत घाम सुकत नाही, मीठ जातं ते वेगळंच, तेव्हा नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएस किंवा मिठाच्या गोळ्या लागतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात इथे दुपारी अकराला एक-दोनदा पळून बघा. गोव्यात एकवीस किलोमीटर नेमके त्याच वेळी वाट्याला येतात, आणि त्या दिवशी तिथे मी पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालत गेले.

पहिली शर्यत हाफ नको. प्रवेश फी पाच आकडी, त्यावर सायकल नेण्याचा खर्च, हॉटेल. आधी कोल्हापूरला जा. राजाराम तलावात पोहून सुरू होणाऱ्या शर्यतीत लाटा नाहीत, माणसं प्रेमळ आहेत आणि खायचं काय ते सांगायला नको. चाळिशी ओलांडली असेल तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. सायकल स्वतःच्या गाडीतून न्या, चाकं काढून मागच्या सीटवर मावते. शर्यत रविवारी असते, त्यामुळे सोमवारची रजा नाव नोंदवतानाच टाका. आमच्याकडे महिनाअखेरीला कोणी देत नाही.