घराण्यात बीपी असेल तर रागाची नोंद कशी ठेवावी

गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं. आरती आटपली की सामायिक जमीन आणि सातबाऱ्यावरची नावं हा विषय कुणीतरी काढतंच. आमच्याकडे अशा वेळी काकांचे कान लालबुंद व्हायचे. ‘आमच्या बापाशीक पण प्रेशर हुता,’ एवढं बोलून ते पडवीत जाऊन बसायचे.

काकांचं निम्मं खरं होतं. आईवडिलांना बीपी असेल तर मुलांना धोका जास्त. अशा घरातल्या काही जणांचं बीपी ताणात इतरांपेक्षा जास्त उसळतं. रागात अॅड्रेनालिन वाढतं, नाडी धावते, रक्तवाहिन्या आवळतात. पण राग ओसरला की आकडाही उतरतो. म्हणून निवांत असतानाही तो वर राहतो का, हे पाहायचं.

आधी घरच्यांना विचारा: आई, वडील, भावंडं यांत कुणाला बीपी, कितव्या वर्षी? ‘आजोबा अचानक गेले’ एवढ्यावर थांबू नका. पक्षाघात होता का, हेही विचारा.

मग दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या. मापायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मशेरीसुद्धा नाही. (मशेरी तंबाखूत धरायचीच नाही, ही आपल्याकडची जुनी खोड.) लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मापा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी 135/85 किंवा वर आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

त्याच वहीत उजवीकडे एक रकाना आखा: आज काय झालं? मोहर गळला, बोट बंदरातच अडकली, भावाचा फोन आला. भांडणानंतर लगेच मापलेला आकडा सरासरीत धरू नका. त्यापुढे आपण काय केलं ते मात्र लिहा. झोप उडाली? मशेरी जास्त लागली? गोळी राहिली? माझ्या मते खरा घोटाळा इथेच होतो. काकांची गोळी भांडणाच्या दिवशीच राहायची.

राग चढतोय असं वाटलं की उठून विहिरीपर्यंत जाऊन या. नाहीतर पाच मिनिटं मिनिटाला सहाच श्वास घ्या, सोडताना जास्त वेळ लावून. याने थोडा उतार पडतो. गोळीची जागा मात्र हे घेत नाही.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच, आणि त्यात खारा बांगडा, पापड, लोणचं सगळं आलं. खारा मासा भिजवून, पाणी फेकून करा.

आकडा 180/120 च्या वर आणि छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय किंवा एक हात लुळा पडलाय, तर वही राहू द्या. 108 ला फोन करा.